पावलांपासून सुरू होणारं ध्यान : श्वास, कल्पनाचित्र आणि पाच मिनिटं

देवराई

झोपेच्या तक्रारींवरच्या धाग्यात मी ग्राउंडिंगचा, म्हणजे लक्ष शरीरापाशी आणि जमिनीपाशी आणण्याच्या पद्धतीचा, उल्लेख केला, तेव्हा बऱ्याच जणांनी पद्धत विचारली. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. मी डॉक्टर नाही, योगशिक्षिकाही नाही. माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मध्यंतरी घाबरं होऊन छाती धडधडायची, तेव्हा एका समुपदेशक बाईंनी मला हे शिकवलं. आता दहावीच्या वर्गात चाचणीच्या आधी मी ते मुलांकडून करून घेते.

आधी एक सांगते, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. यात मन रिकामं करायचं नसतं, विचार थांबवायचे नसतात. डोकं कालच्या भांडणात नाहीतर उद्याच्या काळजीत फिरत असतं, पण शरीर आत्ता, याच खुर्चीवर असतं. लक्ष शरीरापाशी आणायचं, एवढंच काम. आणि शरीरातही आधी पावलांपाशी. घाबरलेल्या माणसाला 'श्वासाकडे लक्ष द्या' म्हटलं की तो छातीकडेच बघत बसतो आणि धडधड आणखी जाणवायला लागते. पावलं छातीपासून सगळ्यात लांब. म्हणून आधी पावलं, मग श्वास, आणि चित्र सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे.

साधी खुर्ची घ्या. पाठ टेकली तरी चालेल. चपला, मोजे काढा. दोन्ही पावलं सपाट टेकली पाहिजेत. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. हात मांडीवर. डोळे मिटा, किंवा नजर दोन-तीन फुटांवर फरशीवर सैल सोडा. मांडी घालून बसायची सवय असेल तर तसं बसा, पण नवशिक्यांना खुर्ची सोपी जाते.

आता उजवी टाच. तिचा कुठला भाग टेकला आहे, मागचा की आतला? मग चवडा, अंगठ्याखालचा मांसल भाग, अंगठा, एकेक बोट. करंगळी पुष्कळदा जाणवतच नाही. ती जराशी दाबा आणि सोडा, मग सापडते. फरशी गार आहे का? दोन फरश्यांमधली सांध पायाला लागते आहे का? मग डावं पाऊल, तितक्याच सावकाश. मग मांड्या, बैठक, पाठ. आपलं सगळं वजन खुर्चीने आणि जमिनीने उचललेलं आहे. तरी आपण अंग आवळून बसलेले असतो. ते सोडून द्या. खांदे आणि जबडा इथेच बरेचसे उतरतात, त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

मग श्वास. नाकाने आत घेताना मनात चार अंक मोजा, सोडताना सहा. मध्ये रोखायचा नाही. खोल घ्यायचा नाही, नुसता सावकाश. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार करा. सोडणं घेण्यापेक्षा लांब असलं म्हणजे झालं. याचं कारण मुलांना प्रत्यक्ष दाखवता येतं. मनगटावर बोटं ठेवून नाडी बघा. श्वास आत घेताना ठोके किंचित भराभर पडतात आणि सोडताना मंदावतात. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेचं हे काम आहे. तरुण वयात हा फरक चांगला ठळक असतो, वर्गात निम्म्या मुलांना तो लगेच सापडतो आणि मग उरलेली अर्धी खटपट करतात. मोठा माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. चार आणि सहा मिळून दहा सेकंद, म्हणजे आपण मिनिटाला सहावर येतो.

आणि आता चित्र. मला शिकवलं ते वडाच्या झाडाचं. तळपायातून मुळं निघाली आहेत, फरशीच्या सांधीतून खाली चालली आहेत, मग माती, मुरूम, खडक. श्वास सोडताना मुळं आणखी खाली सरकतात. श्वास घेताना खालचा गारवा पावलांतून पोटऱ्यांपर्यंत वर येतो. सोडताना खाली, घेताना वर, एवढं धरून ठेवायचं. मधेच लक्ष उडालं, गॅस बंद केला का इथे पोचलं, की पुन्हा उजवी टाच. चिडायचं नाही. परत येणं हाच सराव आहे.

काही ठिकाणी सांगतात की आपली नकारात्मक ऊर्जा मुळांतून जमिनीत जाते. मी तसं सांगत नाही. लक्षाला बसायला जागा मिळावी म्हणून चित्र असतं. ज्यांना चित्राशिवाय जमतं त्यांनी ते खुशाल सोडून द्यावं.

उठायची घाई करू नका. आधी बोटं हलवा, डोळे उघडा, खोलीतल्या दोन-तीन वस्तू नीट पाहा, मग उठा. सगळं मिळून पाच मिनिटं पुरतात.

चाचणीच्या दिवशी वर्गात उभं राहिलं की बाकांखाली टाचा उडताना दिसतात, अख्खं बाक हलेल इतक्या. तेव्हा झाडबिड काही सांगत नाही. 'टाचा टेकवा आणि फरशी हळूच खाली ढकला,' एवढंच. बाकं थांबतात. पुढे मग तीन श्वास. पण हे तेव्हाच चालतं जेव्हा मुलांनी आधी, शांत दिवशी, अनेकदा करून पाहिलेलं असतं. ऐन घाबरलेल्या क्षणी पहिल्यांदा शिकायला जाऊ नका.

ज्यांनी काही वेगळं केलं असेल त्यांनी जरूर लिहा.

सांजवात

छान लिहिलंय ताई, वाचनखूण साठवली. पण माझी अडचण सांगते. मला डोळे मिटल्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. झाड नाही, मुळं नाहीत, नुसता अंधार. शिबिरात सगळे 'समुद्र दिसला', 'प्रकाश दिसला' म्हणायचे आणि मला वाटायचं माझंच काहीतरी बिघडलंय. माझ्यासाठी हे नाहीच का?

निळाई

सांजवात, काहीही बिघडलेलं नाही. मी समुपदेशनाचं काम करते, आणि ही गोष्ट मला दर काही दिवसांनी कुणीतरी सांगतं. मनात चित्र उमटण्याची ताकद माणसागणिक खूप वेगळी असते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्येच लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल आठवायला सांगून हे तपासलं होतं, आणि काहींना काहीच दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ज्यांना मुळीच चित्र दिसत नाही त्यांच्या या वेगळेपणाला २०१५ मध्ये ॲडम झेमन या मेंदूतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अफँटेशिया' असं नाव दिलं. हा आजार नाही. अशी माणसं उत्तम चित्रकारही असतात.

तुम्ही दिसण्याच्या जागी वजन घ्या. जर्मनीत योहानेस शुल्त्झ यांनी १९३२ मध्ये ऑटोजेनिक ट्रेनिंग नावाची पद्धत मांडली. तिची सुरुवातच 'माझा उजवा हात जड आहे' या वाक्यापासून होते. मनात सावकाश म्हणायचं आणि हाताचं खरं वजन जाणवू द्यायचं. मग डावा हात, मग पाय. पुढे ऊब. त्यात दिसण्यासारखं काही नाही. देवराईंच्या क्रमात मुळांच्या ऐवजी 'माझी पावलं जड आहेत' एवढं वाक्य टाका आणि श्वास सोडताना ते म्हणा.

आवाजही चालतो. पंख्याचा आवाज, लांबची रिक्षा, शेजारच्या कुकरची शिट्टी. जवळचा आवाज, मग त्याहून लांबचा, मग ऐकू येईल तितका लांबचा.

सांजवात

निळाई, हे वाचून केवढं हायसं वाटलं सांगू. आत्ता लगेच करून पाहिलं. हात खरंच जड लागला. इतकी वर्षं मला वाटत होतं की बाकीचे 'दिसलं' म्हणतात ते नुसतं बोलण्यापुरतं, आणि कधी वाटायचं मी कमी पडते. धन्यवाद.

चौदावा_मजला

प्रश्न भाबडा वाटेल, पण मनापासून विचारतो आहे. आमचं घर चौदाव्या मजल्यावर आहे. मुळं फरशीतून खाली गेली की तेराव्या मजल्यावरच्या काकांच्या हॉलमध्ये निघतात आणि माझं चित्र तिथेच तुटतं. जमीन फार लांब आहे. अशा वेळी काय करायचं?

ओळंबा

याचं उत्तर मी देतो, स्ट्रक्चरच्या कामात आयुष्य गेलंय.

तुमची जमीन तुटलेली नाही. तुम्ही खुर्चीवर बसलात की तुमचं वजन स्लॅबवर येतं. स्लॅब ते बीमला देतो, बीम कॉलमला. कॉलम मजल्यामजल्याने खाली उतरत ते फुटिंगपर्यंत, म्हणजे इमारतीच्या पायापर्यंत नेतो आणि फुटिंग खालच्या स्तराला. तुमचं वजन आत्ता, हे वाचतानाही, जमिनीला पोचलेलं आहे. न पोचलं तर इमारत उभीच राहणार नाही. त्यामुळे मुळं काकांच्या हॉलमधून नेऊ नका, कॉलममधून न्या. तुमच्या खोलीचा कोपरा बघा, प्लॅस्टरमध्ये चौकोनी फुगवटा असेल, तो कॉलम. तिथे हात ठेवा. आतली सळई खालपर्यंत सलग गेलेली आहे.

आता त्या खाली काय आहे तेही सांगतो, म्हणजे चित्र पुरं होईल. पुणे, नाशिक, संभाजीनगर, साताऱ्याचा बराचसा भाग, मुंबईचा बराच भाग, इथे माती-मुरुमाखाली काळा पाषाण म्हणजे बसाल्ट लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, तेच आपलं दख्खनचं पठार. घाटातून जाताना डोंगराच्या अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात ना, ते थर. पायाच्या खड्ड्यात पहार लागली की एक ठणका येतो, तो आवाज ऐकला की आम्ही सुटलो म्हणायचो. मुंबईत भरावाच्या जमिनीवर इमारत असेल तर पाईल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, खाली उतरवून खडकात टेकवतात. तुम्ही पुण्यात असा की मुंबईत, तुमचा चौदावा मजला शेवटी याच दगडावर उभा असण्याची शक्यता भरपूर आहे.

मी स्वतः देवराईताईंच्या पद्धतीने आज पहिल्यांदा बसलो. झाड मनात आलं नाही. लोडचा रस्ता आला, आणि तो छान उतरत गेला.

देवराई

ओळंबाकाका, तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे. आमच्या शाळेची इमारत तीन मजली आहे आणि दहावी वरच्या मजल्यावर बसते. मुलांना झाडापेक्षा हे जास्त पटेल.

चौदावा_मजला

काका, कॉलम सापडला. कपाटामागे आहे. खुर्ची तिकडे सरकवली आहे.

गोदाकाठ

मी इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलेलं आहे, म्हणून थोडं स्पष्टीकरण द्यावंसं वाटतं. लोक विपश्यना आणि इथली पद्धत यांची सरमिसळ करतात. विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींच्या परंपरेत पहिले तीन दिवस आनापान असतं. त्यात श्वास जसा आहे तसा पाहायचा. लांब करायचा नाही, मोजायचा नाही, सोबत शब्द किंवा चित्र घ्यायचं नाही. नाकपुड्यांच्या आणि वरच्या ओठाच्या भागात लक्ष ठेवायचं. चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे अंगभर संवेदना पाहत जाणं. तिथे 'वडाची मुळं कल्पा' असं कुणी सांगणार नाही. उलट कल्पना करू नका हेच सांगतात.

इथली पद्धत त्या क्षणी सावरण्यासाठी आहे. ती वेगळी, ही वेगळी. दोन्ही चांगल्या, पण एका बैठकीत दोन्ही करू नयेत असं माझं मत आहे. जे शिबिराला जाणार आहेत त्यांनी तिथे गेल्यावर तिथलंच करावं.

देवराई

+१. गोदाकाठ, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मला कल्पनाचित्र आवडतं, पण ते सगळीकडे घुसडायला नको.

हिशेबनीस

धागा आवडला. एक विचारतो, राग मानू नये. याला काही अभ्यासाचा आधार आहे का, की नुसतं बरं वाटतं म्हणून? ऊर्जा, लहरी वगैरे आलं की मी उठून जातो.

निळाई

विचारायलाच हवं होतं. योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास आपल्याकडे लवकरच सुरू झाला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाच्या क्रिया उपकरणं लावून तपासल्या. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही सुरू केलं. पुढे अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांनी १९७० च्या दशकात ध्यानाच्या वेळी श्वासाची गती आणि प्राणवायूचा वापर कमी होतो हे मोजलं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणतणावासाठी एक कार्यक्रम सुरू केला, तो आज अनेक देशांतल्या रुग्णालयांत चालतो. सावकाश श्वासाने नाडीवर होणारा परिणाम तर वर दिल्याप्रमाणे तुम्हाला तुमच्याच मनगटावर सापडेल. मुळं कल्पिली की चौकोन कल्पिला, यात मोठा फरक पडत असेल असं मला वाटत नाही. फरक पडतो तो लक्ष कुठे आहे आणि श्वास किती सावकाश आहे याने.

आणि हे उपचार नव्हेत. चालू गोळ्या याच्या भरवशावर बंद करू नका.

आजोळ

आमचे वडील संध्येला बसताना आसनाला हात लावून म्हणायचे,

पृथ्वि त्वया धृता लोका देवि त्वं विष्णुना धृता।
त्वं च धारय मां देवि पवित्रं कुरु चासनम्॥

पृथ्वी, तू सगळ्यांना धरलं आहेस, तू मलाही धर. या मंत्राची देवता कूर्म. आई सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी जमिनीला हात लावून नमस्कार करायची, पायाचा स्पर्श होणार म्हणून क्षमा मागायची. लहानपणी हे रोज पाहिलं. आता वाचताना वाटतं, बसण्याआधी जमिनीची आठवण करायची ही शिस्त आपल्या घरांमध्ये होतीच. मी उद्यापासून पाय टेकवताना एवढं म्हणेन आणि मग ताईंनी सांगितलेली टाच बघेन. आता गुडघे मांडीला साथ देत नाहीत, त्यामुळे खुर्चीवर चालतं हे वाचून आनंद झाला.

सात_पंचवीस

डोंबिवलीहून रोज लोकलने जाते. बसायला मिळत नाही. उभ्याने करता येईल का? गर्दीत श्वास कोंडल्यासारखा होतो, घाम फुटतो, आणि ठाणं येईपर्यंत मी मोजत असते.

देवराई

उभ्याने तर छान जमतं, मीही बसमध्ये करते. डोळे मिटायचे नाहीत. दाराजवळ असाल तर करू नका, आत सरका. कडी धरा. गुडघे ताठ असतील तर ते अगदी जरासे सैल करा. आता गाडीच्या प्रत्येक हिसक्याबरोबर वजन एका पावलावरून दुसऱ्यावर, टाचेवरून चवड्यावर जातं. तेच पाहत राहा: आता उजवीकडे, आता पुढे, आता टाचेवर. गाडीच तुम्हाला तालीम देते. अंक मोजू नका, फक्त श्वास सोडताना तो थोडा लांबवा. कोंडल्यासारखं होतं तेव्हा आपण भराभर घेत सुटतो आणि सोडायचं राहून जातं.

आणि हातातली कडी. तिचा गारवा, तिच्यावरची खरखर. मूठ घट्ट असेल तर एक बोट सैल करा.

सात_पंचवीस

उद्या करून सांगते.

पिंपळपार

मी काल रात्री पंधरा मिनिटं केलं. मोठमोठे श्वास घेतले. बोटांना आणि ओठांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, भीतीच वाटली. कुंडलिनी वगैरे असतं ते हेच का?

निळाई

नाही, पिंपळपार. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला गेला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात आणि गरगरतं. श्वास पूर्ववत झाला की थोड्या वेळात जातं. इथे 'मोठा' श्वास नकोच आहे. नेहमीएवढाच श्वास, फक्त सावकाश. शेजारी बसलेल्याला ऐकू येत असेल तर जास्त घेताय असं समजा. पोट हलकंसं पुढे येतं, छाती वर उचलली जात नाही.

दमा असेल, गरोदर असाल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखण्याचे कुठलेही प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. वर दिलेल्या पद्धतीत रोखणं नाहीच, तिथे आपल्या मनाने भर घालू नका. आणि पंधरा मिनिटं कशाला? पाच पुरे.

तेरणाकाठ

वाचत होतो, लिहू की नको असं झालं होतं. आमचं गाव किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे ३.५६. आई तेव्हा दगडमातीच्या घरात झोपलेली होती. तिला बाहेर काढलं, घरातले सगळे निघाले नाहीत. मी तेव्हा लहान होतो.

मागच्या महिन्यात बहिणीने मोबाइलवर एक ध्यान लावून दिलं. 'तुम्ही जमिनीत खोल खोल जात आहात, माती तुम्हाला कवेत घेते आहे.' आई उठून बाहेर गेली. दिवसभर बोलली नाही. ज्याने जमीन हललेली पाहिली आहे त्याला जमीन आधार देते असं कसं सांगायचं? तक्रार म्हणून लिहीत नाही. अशा माणसाला काय देता येईल ते खरंच विचारतो आहे.

निळाई

तेरणाकाठ, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार मानते. हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. जमिनीचं चित्र सगळ्यांना चालत नाही. पुरातून वाचलेल्याला समुद्राचं चालत नाही. डोळे मिटून आत बघणं हेच काहींना धोक्याचं वाटतं, आणि ते चुकीचं नसतं. मोठा आघात झालेल्या मनाला पहारा ठेवावासा वाटतो. अशा माणसाला डोळे मिटायला सांगू नये, खाली जायला सांगू नये, रात्री अंधारात करायला सांगू नये.

त्याऐवजी उजेडात, उघड्या जागेत, डोळे उघडे ठेवून. दिसणाऱ्या पाच गोष्टी, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. मोजदाद चुकली तरी हरकत नाही. आणि सोबत मोठ्याने बोलायचं: आज वार कुठला, मी कुठे बसले आहे, समोर कोण आहे. ती पहाट मागे गेली आणि आज वेगळा दिवस आहे, हे शरीराला कळायला याने मदत होते.

आईंना आधीपासून कशाने बरं वाटतं, ते एकदा बघा. माणसं स्वतःचा मार्ग पुष्कळदा शोधून ठेवतात, आपलं लक्ष नसतं. आणि त्रास वाढत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं.

तेरणाकाठ

विचार केला. आई रोज संध्याकाळी अंगणातल्या लिंबाला टेकून बसते. उजवा तळवा खोडावर ठेवते, सालीच्या भेगांवरून बोट फिरवते. भिंतीला कधी टेकत नाही. आम्हाला वाटायचं सवय असेल. मी काल शेजारी बाजेवर बसलो आणि विचारलं, काय दिसतंय? म्हणाली, वरची फांदी, पोपट, तुझा सदरा, विजेची तार. मग स्वतःच म्हणाली, लिंबोळ्या पडल्यात, वास येतोय. मी आणखी काही विचारलं नाही.

देवराई

तेरणाकाठ दादा, मूळ लेखात 'चित्र सोडलं तरी चालेल' एवढंच होतं. त्याखाली तुमचा प्रतिसाद वाचल्याशिवाय कुणी हे दुसऱ्याला शिकवू नये असं मी आता वर ठळक लिहिते आहे. वर्गातही मी यापुढे आधी विचारणार: डोळे उघडे ठेवायचेत का, जमिनीचं चित्र नको आहे का. सगळ्यांसमोर न बोलता नको म्हणायची मुभा हवी, म्हणून चिठ्ठीवर.

सात_पंचवीस

करून पाहिलं. मुंब्र्यापर्यंत पावलांकडे लक्ष राहिलं, पुढे गर्दी चढली आणि सुटलं, ठाण्याच्या आधी परत आलं. घाम आला पण धडधड कमी होती. कडीची युक्ती मला पावलांपेक्षा जास्त लागू पडली.

सांजवात

कुणी हे आवाजात रेकॉर्ड करून देईल का? वाचत वाचत करता येत नाही.

देवराई

माझ्या मते स्वतःच्या नाहीतर घरातल्या ओळखीच्या आवाजात करावं. मजकूर देते, उभ्या रेघेपाशी एक पूर्ण श्वास थांबायचं:

दोन्ही पावलं टेकव. | उजवी टाच कुठे लागते आहे? | चवडा. | बोटं. | आता डावी टाच. | चवडा. | बोटं. | मांड्या खुर्चीवर आहेत. | वजन खुर्चीवर सोड. | जबडा सैल. | श्वास आत, चार. बाहेर, सहा. | आत. बाहेर. | (हे पाच-सहा वेळा) सोडताना पावलं जड. | घेताना पोटऱ्यांना गारवा. | (पुन्हा पाच-सहा वेळा) बोटं हलव. | डोळे उघड. | समोरच्या तीन वस्तूंची नावं घे.

सांजवात, 'गारवा' जाणवत नसेल तर ते वाक्य गाळा.

ओळंबा

रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा, नाहीतर नुसती घरघर येते. आणि मोबाइल विमान मोडवर टाका. माझं पहिलं रेकॉर्डिंग मध्येच सिलिंडरवाल्याच्या फोनने तुटलं.